धुक्यातला स्मिथ

क्लेमन्ट ऑल्डरसन स्कारबॉटमच्या संघातून नऊ हंगाम खेळला, दोनशे सत्याऐंशी सामने खेळला, नाक दोनदा आणि खांद्याचं हाड एकदा मोडून घेतलं, आणि एवढं करूनही गावाच्या मते तो संघाचा दुसऱ्या क्रमांकाचा डावा विंगर राहिला. पहिला स्मिथ. स्मिथ एकच सामना खेळला होता.

यातली गंमत अशी की स्मिथ म्हणजे क्लेमच होता. अर्थात गंमत तुम्हाआम्हाला. क्लेमला ती नऊ वर्षांत एकदाही वाटली नाही.

रग्बी आमच्याकडे दोन जातींची. एक पंधरा जणांची, ती डॉक्टर-वकिलांची आणि धर्मगुरूंची. तिथे खेळण्याचे पैसे घेणं म्हणजे देवळातली पेटी फोडण्यासारखं. दुसरी तेरा जणांची, गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांची, जिथे जिंकलं की पाकीट मिळायचं आणि हरलं तरी छोटं पाकीट मिळायचं. पंधरावाल्यांचा नियम कडक होता. तेरांच्या मैदानावर ज्याने एकदा पाय ठेवला, पैसे घेतलेले असोत वा नसोत, तो जन्माचा बाद. मग तेरावाल्यांना एखाद्या पंधरातल्या पोराला पारखून बघायचं असलं की ते त्याला गुपचूप बोलवत आणि छापील पत्रकात त्याच्या जागी ‘स्मिथ’ लिहीत. पोरगा पसंत पडला नाही तर मुकाट घरी जाई आणि पुढच्या शनिवारी पुन्हा सभ्य गृहस्थांबरोबर खेळे. यात काही खोटेपणा आहे असं कुणाला वाटत नसे. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं म्हणजे रीतभातच.

सन अठ्ठेचाळीसच्या हंगामात स्कारबॉटमचा डावा विंगर एका खाटकाच्या बायकोबरोबर ब्लॅकपूलला निघून गेला आणि जागा रिकामी झाली. सेक्रेटरी हर्बर्ट क्रॅबट्रीने सहा शनिवारी सहा स्मिथ आणले. क्रॅबट्रीचा धंदा अंत्यविधींचा, त्यामुळे गोष्टी पोटात ठेवायची सवय. पोरांची नावं तो कुठे लिहीत नसे, कुणाला सांगत नसे, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

चौथा स्मिथ क्लेम. बावीस वर्षांचा, ग्रिस्टनडेलच्या डोंगरात दगडी कुंपणं रचणारा. खिशात मटणाचं सँडविच घेऊन साडेअकराच्या बसने आला. क्रॅबट्रीने त्याला बसथांब्यामागे गाठलं, डोक्यावर कातडी टोपी चढवली, तोंडाला व्हॅसलीन आणि वर मैदानातली माती फासली.

“कुणी विचारलं तर?” क्लेमने विचारलं.

“स्मिथ.”

“आणि पुढचं नाव?”

“अरे, लग्न लावायचंय का तुझं? स्मिथ म्हणजे स्मिथ. जा पळ.”

त्या दिवशी कालव्यावरून असं धुकं उठलं की या खांबावरून तो खांब दिसेना. समोर डोंगरापलीकडचे लँकेशायरवाले. चार हजार माणसं आली होती आणि त्यांना पुढच्या माणसाच्या टोपीपलीकडे काही दिसत नव्हतं. त्या धुक्यात स्मिथने तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू घेऊन विरोधकांच्या रेषेपलीकडे जाऊन टेकवला. तिसरा अगदी कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या कठड्याजवळ. सामना संपताच क्रॅबट्रीने त्याला ओल्या केसांनीच बसमध्ये कोंबलं.

कुणालाच काही दिसलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने सगळं पाहिलेलं होतं. सोमवारी गिरणीच्या भोंग्यापर्यंत तीनाचे चार ट्राय झाले होते. नाताळपर्यंत पाच, त्यातला एक स्वतःच्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, सात जणांना चुकवून. हिवाळाभर गावात दुसरा विषय नव्हता.

कमिटीने फर्मान काढलं, तो स्मिथ आणा. आता मात्र क्रॅबट्रीची पंचाईत झाली. सहा पोरं, सहाही मातीने माखलेली, आणि पत्ते सगळे डोक्यात. धुक्याच्या दिवशीचा डोंगरातला होता की डॉनकास्टरकडचा? त्याने दोघांनाही पत्रं टाकली. उत्तर क्लेमचं आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही करून घेताना त्याने क्लेमकडे चष्म्यावरून निरखून पाहिलं.

“तूच ना रे तो? धुक्यातला?”

“मीच की.”

“हं,” क्रॅबट्री म्हणाला. तो दुसराही हेच म्हणाला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

सही झाली तशी क्लेमला रंगखात्यात नोकरी मिळाली आणि राहायला एका विधवेची खोली. इकडे ग्रिस्टनडेलच्या पंधरावाल्यांच्या क्लबात आजवरच्या कप्तानांच्या नावांची एक फळी होती. सर्वांत खालचं नाव क्लेमचं. ते तिथल्या धर्मगुरूंनी स्वतः खिशातल्या चाकूने खरवडून काढलं. तेवढी जागा आता फिकी दिसते, असं आईने पत्रात कळवलं, आणि खाली, मेंढ्या बऱ्या आहेत.

जानेवारीत त्याचा स्वतःच्या नावाने पहिला सामना झाला. कडक ऊन, कडक थंडी, मैदानातली गवताची काडी न् काडी मोजता यावी असा दिवस. स्मिथ येणार म्हणून आठ हजार माणसं लोटली होती. पत्रकात नाव बघतात तर ऑल्डरसन. कोण ऑल्डरसन? तेवढ्यात चेंडू त्याच्याकडे आला. सरळ, छातीच्या उंचीवर, पाळण्यातल्या पोराने धरावा असा. आणि तो क्लेमच्या हातून सुटला.

 डाव्या कोपऱ्यातल्या कठड्याकडून एक खणखणीत आवाज आला, “क्रॅबट्री! हा माल परत कर आणि स्मिथला आण!”

आठ हजार माणसं हसली. क्लेमने त्या दिवशी दोन ट्राय केले, पण तो खाली मान घालून घरी गेला. पुढे प्रत्येक शनिवारी तो आवाज त्याच कोपऱ्यातून यायचा. पाऊस असो, बर्फ असो, आवाज हजर.

आवाजाचं तोंड बघायचा योग दीड वर्षाने आला. क्लेमचं एडनावर मन बसलं होतं. विणून आलेलं कापड उजेडाला धरून त्यातले दोष हुडकायचे आणि सुईने दुरुस्त करायचे, हे एडनाचं गिरणीतलं काम. दोष बघणं हाच धंदा, त्यामुळे क्लेमला होकार द्यायला तिने आठ महिने घेतले. मग एका रविवारी जेवायला बोलावलं. घरी बाप आणि लेक दोघंच. आई दोन वर्षांमागे गेलेली. दार बापाने उघडलं. एनॉक बूथरॉइड, साचेखात्यात जॉबर, आखूड मानेचा, भुवया छपराच्या वळचणीसारख्या पुढे आलेल्या.

“तू ऑल्डरसन,” तो म्हणाला. तोच आवाज.

“हो, मिस्टर बूथरॉइड.”

“काल दोनदा सोडलास.”

“चेंडू ओला होता.”

“आणि स्मिथच्या वेळी काय इस्त्री करून दिला होता?”

“बाबा, त्याला आत तरी येऊ द्या!” एडना आतून ओरडली.

टेबलावर रीतीप्रमाणे आधी पुडिंग, म्हणजे भट्टीत फुगवलेला पिठाचा पोळा, आणि त्यावर गरम रस्सा आला. एनॉकने सगळ्यात मोठा तुकडा क्लेमच्या ताटात टाकला. “खा. हे हातातून सुटायचं नाही.”

क्लेमने दोन घास गिळले. मग त्याला राहवेना. “मिस्टर बूथरॉइड, तो स्मिथ मीच होतो.”

एनॉकची सुरी थांबली.  

“मीठ सरकव,” एनॉक म्हणाला. मीठ घातल्यावर तो पुढे बोलला, “तू तिसरा. डॉनकास्टरचा तो ट्रामचा कंडक्टर म्हणतो, मी होतो. हॅलिफॅक्सच्या नाचघरातला एक नाचरा म्हणतो, मी होतो. आता तू.”

“क्रॅबट्रीला विचारा हवं तर!”

“विचारलं ना. कमिटीनेही विचारलं. तो म्हणतो, बहुतेक चुकीचा आणला.”

हे क्लेमला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं जेवण त्याला गोड लागलं नाही, तरी त्याने दोनदा वाढून घेतलं, कारण भूक ही निराळी गोष्ट.

त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. गावाने काय म्हणायचं ते म्हणो. पण एनॉक त्या दिवशी कोपऱ्यात कठड्याला टेकून उभा होता, मैदानावर त्याच्याइतकं जवळ कुणी नव्हतं. त्या एका माणसाने एकदा म्हणावं, ‘तो तूच होतास.’ बस. डोंगरातल्या फळीवरून त्याचं नाव गेलं होतं आणि इथे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार दुसऱ्याच्या नावावर चढली होती. कुठे तरी, कुणाच्या तरी तोंडी, त्याला आपलं नाव त्या दुपारीला लागलेलं हवं होतं. यात काही फार मागणं आहे असं मला तरी वाटत नाही.

लग्न झालं, ‘मिस्टर बूथरॉइड’चे ‘बाबा’ झाले, पण तोंडातून ते वाक्य निघेना. क्लेमने पुरावे दिले. पहिला ट्राय डावीकडच्या खांबाजवळ, दुसरा कसा लँकेशायरच्या फुलबॅकला धुक्यात हूल देऊन.

“हे सगळं खेळाच्या गुलाबी पेपरात आलं होतं,” एनॉक म्हणायचा. “वाचता मलाही येतं.”

यॉर्कशायरच्या संघात त्याची निवड झाली, तेव्हा गिरणीतल्या लोकांनी हात मिळवले. एनॉक म्हणाला, “चांगलं आहे. स्मिथ असता तर इंग्लंडकडून खेळला असता.” स्मिथशी स्पर्धा करणं कठीणच होतं. स्मिथचं वय वाढत नव्हतं, स्मिथला लंगडावं लागत नव्हतं, सोमवारी सकाळी सहाला रंगाच्या हौदाशी उभं राहावं लागत नव्हतं.

एकदा हलच्या मैदानावर क्लेमचं खांद्याचं हाड मोडलं. आमच्या खेळात बदली माणूस आत घेता येत नसे. बाहेर गेलात तर तुमचे बारा. क्लेमने हात जर्सीच्या आत खुपसला आणि उरलेली पन्नास मिनिटं तसाच कडेला उभा राहिला, निदान समोरच्या एका माणसाला त्याच्यावर नजर ठेवावी लागावी म्हणून. दुसऱ्या दिवशी एनॉक झाकलेल्या वाडग्यात कांद्यात शिजवलेली वजडी घेऊन आला. पलंगाशेजारी तासभर बसला.

“दुखतंय?”

“दुखतंय.”

“हं. स्मिथला पकडताच आलं नसतं त्यांना.”

क्लेमने भिंतीकडे तोंड केलं. तो झोपला असं वाटून एनॉकने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, वाडगा धुतला आणि गेला.

“तू त्यांचा नाद सोड,” एडना एकदा वैतागून म्हणाली. “तू कोण आहेस ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणखी काय हवं?”

“तुला कसं माहीत? तू कुठे होतीस तिथे?”

“अरे, मी तुझ्यावर विश्वास ठेवते ना!”

“तेच तर,” क्लेम म्हणाला. “तू विश्वास ठेवतेस. त्यांनी पाहिलंय.”

यावर एडना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

सत्तावन्नच्या वसंतात क्लेमने बूट टांगले. त्याच महिन्यात गावच्या पेपरने युद्धानंतरच्या सर्वोत्तम तेरा जणांसाठी वाचकांची मतं मागवली. पेपरातलं कूपन कापायचं, तेरा नावं भरायची. क्लेमने तेही भरलं. डाव्या विंगरच्या रकान्याशी त्याची पेन्सिल बराच वेळ अडली. मग त्याने ‘स्मिथ’ लिहिलं, कारण मत खऱ्याला द्यावं असं त्याला वाटलं, आणि खरा तर तोच होता. स्मिथ प्रचंड मतांनी निवडून आला. ऑल्डरसन दुसरा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी को-ऑपच्या हॉलमध्ये चहापान ठेवलं होतं. हॅम, लोणचं, लोणी लावलेला पाव, मोठमोठ्या किटल्या. तेरा जणांना चांदीच्या मुलाम्याच्या थाळ्या मिळायच्या होत्या. एकेक नाव पुकारलं जाई, एकेक जुना गडी गुडघे सांभाळत मंचावर चढे. शेवटी पेपरचा संपादक म्हणाला, “डावा विंगर, स्मिथ! मंडळी, आठ वर्षं आपण वाट पाहतोय. ते गृहस्थ जर आज या हॉलमध्ये असतील, तर त्यांनी कृपा करून पुढे यावं.”

  शेजारी एनॉक हॅम चावत होता. समोरच्या रांगेतून एडना मागे वळून पाहत होती. आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणून क्लेम उभा राहिला.

त्याच वेळी खिडकीजवळ डॉनकास्टरचा कंडक्टर उभा राहिला. तो आता एका दारूच्या गुत्त्याचा मालक होता आणि त्याचं पोट टेबलात अडकलं होतं. आणि दाराशी हॅलिफॅक्सचा नाचरा, बो टाय लावून.

असा हशा उसळला की किटल्यांची झाकणं हलली.

“अहो, तीन तीन!” कुणीतरी ओरडलं. “थाळीचे तुकडे करा!”

“या पोटाने सात जणांना चुकवलं म्हणता?”

“पोट नंतर आलंय, भाड्या!” कंडक्टर गरजला.

संपादकाने क्रॅबट्रीला मंचावर ओढलं. क्रॅबट्रीने चष्मा पुसला, तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “हे तिघंही स्मिथ होते. एवढं मी बायबलवर हात ठेवून सांगतो. कुठल्या शनिवारी कोण, ते मात्र माझ्या लक्षात नाही.”

हे अगदी खरं होतं, म्हणून लोक जास्तच हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, “एनॉकला विचारा! तो कोपऱ्यात होता त्या दिवशी!”

“हो, एनॉक! एनॉक सांगेल!”

टेबलं वाजू लागली. एनॉकने घास गिळला, तोंड पुसलं आणि सावकाश उठला. त्याने कंडक्टरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बो टायला पाहिलं. मग मान वळवून शेजारी उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं.  म्हाताऱ्याचे डोळे ओले आहेत की लोणचं तिखट आहे, ते त्याला कळेना.

“यातला एकही नाही,” एनॉक म्हणाला आणि खाली बसला.

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. स्मिथ अजून कुठेतरी होता, याचा सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. थाळी क्लबच्या कपाटात ठेवायचं ठरलं. क्लेम खाली बसला. त्याच्या ताटात कुणीतरी आणखी हॅम वाढलं होतं.

एडना भांडी विसळायला बायकांबरोबर मागे राहिली, त्यामुळे कालव्याच्या वाटेने घरी निघाले ते दोघंच. ऊन पडलं होतं. 

“इथे बसू,” एनॉक म्हणाला. कालव्याच्या दरवाजापाशी एक ओंडका होता. दोघं बसले. एनॉकने पाइप काढला, पण भरला नाही.

“एडनाच्या आईला त्या गुरुवारी पुरलं,” तो म्हणाला.

“कुठल्या गुरुवारी?”

“धुक्याच्या शनिवारच्या आधीच्या.”

क्लेमला महिना माहीत होता, वार कुणी सांगितला नव्हता.

“एडना मावशीकडे. घरात एकटा. माझ्या आडाचा एप्रन दाराला टांगलेला. बसवेना. मैदानावर काही दिसणार नाही हे ठाऊक होतं, पण मला काही बघायचंच नव्हतं. कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. आणि त्या धुक्यातून एक पोरगा असा आला, नाकासमोरून, वाऱ्यासारखा. आणि लेका, माझ्या तोंडून आरोळी गेली. नंतर लक्षात आलं, तेवढा वेळ मला आडाची आठवणच झाली नव्हती. गुरुवारपासून पहिल्यांदा.”

“तो मी होतो, बाबा.”

“माहीत आहे.”

क्लेमला आपण काय ऐकलं ते कळायला वेळ लागला. “माहीत आहे? कधीपासून?”

“तुझ्या पहिल्या सामन्यापासून. जानेवारी.”

“पण त्या दिवशी तर माझ्या हातून पहिलाच चेंडू सुटला!”

“त्यावरूनच ओळखलं,” एनॉक म्हणाला. “चेंडू यायच्या आधी तुझी उजवी करंगळी वर जाते. मोठ्या घरच्या बाईने चहाचा कप धरावा तशी. मग तो निसटतो. त्या धुक्यात, कोपऱ्यातल्या ट्रायच्या वेळी, माझ्यापासून चार हातांवर ती करंगळी वर गेली. चेंडू तुझ्या हातातून पुढे सुटला, गुडघ्याला लागला, रेषेपलीकडे पडला आणि तू वरून त्याच्यावर. चेंडू असा पुढे सुटला की ट्राय बाद. पण रेफरी तीस यार्ड मागे. त्याला स्वतःचे बूट दिसत नव्हते.”

 हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. एडनाला नाही, आईला नाही. वर्षं गेली तसं स्वतःलाही सांगायचं त्याने बंद केलं होतं, आणि अलीकडे तर तो ट्राय आठवताना चेंडू हातात घट्टच असायचा.

“मग ओरडलात कशाला? परत पाठवा म्हणून?”

“ओरडू नको तर काय करू?” एनॉक एकदम चिडला. “दोन महिने मी त्या पोराच्या आधारावर काढले होते! तो कुठून आला नव्हता, कुठे गेला नव्हता, काही सोडलं नव्हतं त्याने, निदान मी तसंच धरून चाललो होतो. आणि मग तू येतोस, उन्हात, आठ हजार माणसांसमोर, करंगळी वर करून! राग आला मला. मग रागाची सवय झाली.”

“आणि आज? आज तरी म्हणायचं होतं. ती थाळी गेली चुलीत. मी इतकी वर्षं तुमच्या एका शब्दासाठी…” क्लेमचा आवाज फुटला. तिशी ओलांडलेला, दोनदा नाक मोडलेला माणूस, आणि त्याला ओठ आवरेनात.

“आज कसं म्हणणार? तो तू होतास म्हटलं, तर मी काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं. चॅपलला जाणारा माणूस आहे मी, अर्धं खरं मला बोलता येत नाही.” एनॉकने पाइप खिशात घातला. “म्हणून सगळंच खोटं बोललो.”

कालव्यातून कोळशाची एक होडी गेली. होडीवाल्याने दोघांना ओळखून टोपी हलवली. क्लेमने बाहीने तोंड पुसलं. त्याला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी इतकं हलकं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. या माणसाने त्याला शनिवारमागून शनिवार, पहिल्या दिवसापासून, करंगळीपासून ओळखलं होतं.

“बरं, ते एक जाऊ द्या,” तो जरा वेळाने म्हणाला. “पण आधीचे दोन ट्राय, बाबा. ते तर खरे होते. त्यात काही खोट नव्हती. ते कसे वाटले तुम्हाला?”

एनॉकने त्याच्याकडे पाहिलं. भुवयांखालचे डोळे अगदी साधे, म्हाताऱ्या माणसाचे होते.

“धुकं होतं, पोरा,” तो म्हणाला. “ते मला दिसलेच नाहीत. मला दिसला तो तेवढाच.”